मधुमेह आहे, पण पाय कोण तपासणार?

उसाला रात्री दारं धरताना पायात काटा मोडला तर लगेच कळतं. मधुमेह जुना असेल तर कळेलच असं नाही. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. जखम दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते, आणि आत चिघळत राहते.

मग शिरूर तालुक्यातल्या, भीमाकाठच्या मांडवगण फराट्यातल्या रुग्णाने जायचं कुठे?

सुरुवात गावातच होते. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, तळव्याला पुन्हा पुन्हा जखम होते का, असे प्रश्न त्यात आहेत. खरं तर ते कुष्ठरोग शोधण्यासाठी आहेत, पण मधुमेहींनाही लागू पडतात. तेव्हा ‘काही नाही’ म्हणून मोकळं होऊ नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासतात, गोळ्याही मोफत मिळतात. पाय मात्र बहुधा आपणच पुढे करावा लागतो. ‘डॉक्टर, चप्पल काढतो, तळवे बघा’ असं सरळ म्हणा. नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासता येते. दोन मिनिटांचं काम. वर्षातून एकदा तरी ते व्हायला हवं.

खटकणारी गोष्ट पुढे आहे. कुष्ठरोगाने पाय बधिर झाला तर सरकारी कार्यक्रमातून मऊ रबराची एमसीआर चप्पल मोफत मिळते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही तशाच चपलेची गरज असते, पण मधुमेहींना ती अशी सर्रास मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी.

घरी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. कुरूप ब्लेडने कापू नका, पाय गरम पाण्यात शेकू नका.

पू, दुर्गंधी, काळेपणा, सूज किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी निघा. न्हावरे किंवा शिरूरच्या सरकारी रुग्णालयात, आणि तिथून पाठवलं तर पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. जाताना आधार, रेशन कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत असू द्या.