पवनचक्कीच्या पात्यांची तपासणी : ड्रोनवाल्या तरुणांसाठी नवे काम

साताऱ्याहून ठोसेघरकडे जाणाऱ्यांना चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या दुरूनच दिसू लागतात. पुढे पाटण तालुक्यात वनकुसवडे, सांगली जिल्ह्यात ढालगाव, धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेल. या डोंगरपठारांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पवनचक्क्यांची शेतेच उभी राहिली. मार्च 2025 अखेर देशाची पवनवीज क्षमता 50,000 मेगावॅटच्या पुढे गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा 5,000 मेगावॅटहून अधिक आहे. पवनचक्की उभारणे हा कोट्यवधींचा व्यवहार, तो आपल्या आवाक्यातला नाही. पण उभी राहिलेली चक्की वर्षानुवर्षे सांभाळावी लागते, आणि त्या कामात थोड्या भांडवलाच्या माणसालाही जागा आहे.

पवनचक्कीचे पाते काचतंतू आणि रेझिनचे असते. सव्वा मेगावॅटच्या जुन्या यंत्राचे पाते सुमारे 32 मीटर लांब असून मिनिटाला वीसेक फेरे घेते. खालून पाहणाऱ्याला ते संथ वाटते, पण हिशेब केला तर पात्याचे टोक ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने हवा कापत असते. या वेगात पावसाचा थेंब आणि धुळीचा कण पॉलिश कागदासारखे काम करतात. पात्याची पुढची कड झिजते, रंग उडतो, मग आतले थर उघडे पडतात. मागच्या कडेचा जोड उकलतो. टोकावर वीज पडते. नखाएवढी चीर वेळीच सापडली तर भागते. ती राहून गेली आणि पाते मोडले, तर मोठी क्रेन आणावी लागते आणि डोंगरावर क्रेन नेण्याचा खर्च मालकाची झोप उडवतो.

ही चीर शोधण्याचे जुने मार्ग दोन. जमिनीवरून दुर्बिणीने पाहणे, किंवा दोराला लटकून माणूस पात्यावर उतरवणे. दोराच्या कामात एका चक्कीला जवळजवळ दिवस जातो आणि तोवर चक्की बंद असते. ड्रोनने तीन पात्यांच्या सर्व बाजूंचे फोटो साधारण तासाभरात निघतात. भर वाऱ्यात सव्वा मेगावॅटची चक्की आठ तास बंद राहिली तर 10,000 युनिट बुडाले. युनिटला तीन रुपये धरले तरी तीस हजारांचे नुकसान. तासाभरासाठी बंद राहिली तर पावणेचार हजारांत भागते. ड्रोनला गिऱ्हाईक मिळण्याचे खरे कारण हा फरक आहे.

आता परवान्याचा मुद्दा, कारण गल्लत येथेच होते. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हरित क्षेत्रात जमिनीपासून 120 मीटर, म्हणजे 400 फूट उंचीपर्यंत उडवण्यास वेगळी परवानगी लागत नाही. त्यावर गेले की पिवळे क्षेत्र समजले जाते आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. जुन्या सव्वा मेगावॅटच्या चक्कीचा मनोरा 65 ते 75 मीटर, त्यात पाते मिळवले तरी टोक एकशे दहाच्या आत, म्हणजे 120 मीटरला पोहोचत नाही. नव्या तीन मेगावॅटच्या यंत्रांचा मनोरा 140 मीटरचा आणि पाते सत्तर मीटरचे. तेथे टोक 200 मीटरच्या पुढे जाते. म्हणून नवख्या माणसाने सुरुवात जुन्या, बुटक्या चक्क्यांपासून करावी. मोठ्या कंपन्यांचे लक्ष नव्या यंत्रांवर असते, जुन्यांकडे कमी. मात्र जागेचा नकाशा आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहावा, आणि कोयना अभयारण्याच्या बाजूला वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

चालकाचे वय 18 ते 65 आणि शिक्षण किमान दहावी पास असावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेत साधारण आठवडाभराचे प्रशिक्षण घेतले की प्रमाणपत्र मिळते, ते दहा वर्षे चालते. ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि तिसऱ्या पक्षाचा विमा हवा. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. आपल्याकडे लग्नाचे चित्रीकरण करणारी मुले गावोगाव आहेत, पण त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती परदेशी बनावटीचे, नोंदणी नसलेले ड्रोन आहेत. अशा ड्रोनला पवनचक्कीच्या फाटकात कोणी घेणार नाही. देशात ड्रोन बनवणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच आहेत. सप्टेंबर 2025 पासून ड्रोनवरील जीएसटी सरसकट पाच टक्क्यांवर आला आहे. तीन ठिकाणची कोटेशने घ्यावीत, आणि बॅटरी व दुरुस्ती कोठे मिळेल हे किमतीच्या आधी विचारावे.

ड्रोन उडवता येतो म्हणून हा धंदा येतो, असे मात्र नाही. मालकाला फोटो नको, अहवाल हवा. कोणत्या पात्यावर, मुळापासून किती मीटरवर, किती सेंटीमीटरची चीर आहे? ती नुसती रंगाची आहे की आतल्या थराची? चक्की चालू ठेवावी की थांबवावी? हे लिहून देणाऱ्यालाच पैसे मिळतात. नुसते उडवून चिप हातात देणाऱ्याची मजुरी दरवर्षी खाली येत जाईल, कारण तसे चालक वाढत आहेत. म्हणून घरातली पुंजी ड्रोनमध्ये घालण्याआधी एखाद्या देखभाल कंपनीत वर्षभर काम करून पात्याची दुखणी ओळखायला शिकावे. एकाकडे उडवण्याचे कसब, दुसऱ्याकडे यंत्राचे ज्ञान, तिसऱ्याचे भांडवल, अशी भागीदारी कर्जापेक्षा बरी. पठारावर वर्षातले चार महिने पावसाचे असतात, जून ते सप्टेंबर वाराही जोरात असतो. ड्रोन तेव्हा नीट स्थिर राहत नाही आणि मालकही चक्की थांबवू देत नाही. काम फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा पावसाळ्यानंतर. हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो.

गिऱ्हाईक कोठे शोधावे? बहुतेक चक्क्यांची देखभाल यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा तिच्या कंत्राटदाराकडे असते, तेथे पोटकंत्राट मिळू शकते. दुसरे गिऱ्हाईक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या काळी घसाऱ्याची मोठी करसवलत होती, म्हणून पुष्कळ कारखानदारांनी एक-दोन चक्क्या घेऊन ठेवल्या. मालक पुण्या-मुंबईत आणि चक्की डोंगरावर. देखभाल करणारा जे सांगेल ते त्याला ऐकावे लागते. अशा मालकाला त्रयस्थ माणसाचा अहवाल उपयोगी पडतो. वीज पडून नुकसान झाले आणि विमा मागायचा असेल, किंवा जुनी चक्की विकायची असेल, तेव्हा तर नक्कीच.

एक धोका सांगितला पाहिजे. जुन्या छोट्या चक्क्या काढून त्या जागी मोठ्या बसवण्याचे सरकारी धोरण 2016 मध्ये आले आणि 2023 मध्ये ते सुधारले गेले. चांगल्या वाऱ्याच्या जागा या जुन्या चक्क्यांनी अडवल्या आहेत, त्यामुळे आज ना उद्या त्या बदलतील. तोवर जुन्यांवर हात बसवून मोठ्या यंत्रांसाठी लागणारी परवानगी आणि अनुभव मिळवून ठेवावा लागेल.

ड्रोन चीर दाखवतो, भरत नाही. पात्याच्या आतून गेलेली विजेची तारही साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही, ती मोजावीच लागते. त्यामुळे दोरावरच्या कारागिराचे काम संपलेले नाही. उलट, सापडलेल्या चिरा वाढल्या की भरणारे हातही जास्त लागतील. रत्नागिरी-हर्णैच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे आपले कारागीर काचतंतू आणि रेझिनशी रोज खेळतात. उंचीवर काम करण्याचे आणि पात्याच्या दुरुस्तीचे रीतसर प्रशिक्षण घेतले, तर समुद्रावरचा हा हुन्नर डोंगरावरही चालेल, आणि त्यासाठी ड्रोन विकत घेण्याचीही गरज नाही.