अस्ताला गेलेला शुक्र सूर्यावर दिसला!

८ जून २००४ रोजी भारतातून शुक्राचे अधिक्रमण दिसले. सकाळी पावणेअकराच्या सुमारास सूर्याच्या कडेला एक काळा ठिपका टेकला आणि सायंकाळी पाचच्या आत तो पलीकडून बाहेर पडला. यापूर्वी ही घटना १८८२ साली घडली होती. म्हणजे त्या दिवशी जगात जिवंत असलेल्या एकाही माणसाने ती आधी पाहिलेली नव्हती! ६ जून २०१२ च्या सकाळी ती पुन्हा दिसली. आता यानंतर थेट २११७ साली. शुक्र सुमारे ५८४ दिवसांनी पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जातो. परंतु त्याची कक्षा साडेतीन अंशांच्या आसपास कललेली असल्याने बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. सारा भूमितीचा हिशेब आहे. त्यात कोप नाही आणि कृपाही नाही.

आम्हाला मात्र यात निराळीच गोष्ट दिसते. पंचांगात 'शुक्राचा अस्त' लिहिलेला असला की लग्ने थांबतात. अस्त म्हणजे काय? शुक्र सूर्याच्या जवळ आला की त्या तेजात आपल्याला दिसेनासा होतो, इतकेच. तो कुठे बुडत नाही की दुबळा होत नाही. २००४ साली हाच अस्ताला गेलेला शुक्र भरदिवसा सहा तास सूर्याच्या तोंडावरून चालत गेला. ज्याच्या नावाने मुलीच्या बापाला महिनोन्‌महिने थांबवले जाते, तो कुठे असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पण पुरावा पाहण्याची इच्छा कोणाला होती? विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांतून ज्योतिष शिकवण्याचे ठरवले. शास्त्रज्ञ पुष्प मित्र भार्गव आणि इतरांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी ५ मे २००४ रोजी फेटाळली. शुक्र सूर्यावर दिसला तो त्यानंतर अवघ्या महिनाभराने! कुंडलीला विद्यापीठात खुर्ची मिळाली. आमच्या किती जिल्हा परिषद शाळांत एक साधी दुर्बीण आहे, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्यांना बोल लावून आम्ही थांबणार नाही. बौद्ध पद्धतीने लग्न लावणारी आपलीच माणसे हॉल ठरवताना हळूच 'तिथी आहे ना?' असे विचारतात, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. जातककथांत एक नक्खत्त जातक आहे. नगरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी पसंत केली. दिवस ठरल्यावर त्यांनी आपल्या आजीवक गुरूला मुहूर्त विचारला. आधी विचारले नाही म्हणून तो रागावला आणि नक्षत्र वाईट असल्याचे सांगून मोकळा झाला. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्या लोकांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला देऊन टाकली! मुहूर्ताच्या धंद्याची नस या कथेने किती जुन्या काळी पकडली होती. आणि आपण विहारातून घरी येताच कॅलेंडरचे मागचे पान उलटतो.

याउलट ल जांती नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पाहा. अधिक्रमणाच्या मोजमापावरून सूर्याचे अंतर काढता येते, म्हणून तो पुदुच्चेरीला निघाला. १७६१ मध्ये युद्धामुळे त्याला उतरता आले नाही, हलत्या जहाजावरून मोजमाप जमले नाही. तो आठ वर्षे या भागात थांबला. १७६९ मध्ये पुदुच्चेरीत ऐन वेळी ढग आले!

शुक्राची संधी आपल्या हयातीत नाही, बुधाची आहे. १३ नोव्हेंबर २०३२, शनिवार. दुपारी बारानंतर साडेचारपर्यंत बुध सूर्यासमोरून जाईल आणि भारतातून दिसेल. तो ठिपका इतका बारीक असतो की ग्रहणाच्या चष्म्यातून दिसणार नाही, दुर्बीण लागेलच. मात्र दुर्बिणीतून सूर्याकडे कोणीही डोळा लावू नये, दृष्टी जाते. दुर्बीण सूर्याकडे रोखून तिच्या मागे पांढरा कागद धरावा. त्यावर सूर्याचे बिंब उमटते आणि सगळ्या वस्तीला एकाच वेळी पाहता येते. प्रत्येक विहाराने वर्गणी काढली, तर एक लहान दुर्बीण आवाक्याबाहेरची नाही. जयंतीच्या डीजेपेक्षा ती स्वस्तच पडेल.