तोंडावरच्या पुटकुळ्या आणि बाजारातली ट्यूब



जून महिना उजाडला की आपल्यापैकी अनेकांची पुण्याची एक खेप ठरलेली असते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून मोटारीचा स्टार्टर नाही तर केबल घ्यायची, अप्पा बळवंत चौकात पोरांची पुस्तके घ्यायची, दगडूशेठ गणपतीला हात जोडायचे, तुळशीबागेत घरच्या मंडळींचे काय असेल ते उरकायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच खेपेला धाकट्या भावाची मुलगी माझ्याबरोबर होती. पोर तेरा वर्षांची, आठवीत जाणारी. दिवसभर तिने तोंडावरचा स्कार्फ सोडला नाही. मला वाटले, धुळीसाठी बांधला असेल. दुपारी रस प्यायला बसलो तेव्हा तो खाली घेतला, तर कपाळ आणि दोन्ही गाल पुटकुळ्यांनी भरलेले. म्हणाली, "तात्या, वर्गातली पोरं नावं ठेवतात. मी आता शाळेत मागच्या बाकावर बसते."

मला गलबलून आले. मी लगेच जवळच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने एक ट्यूब काढून दिली आणि "आठ दिवसांत चेहरा साफ" म्हणाला. आठ दिवसांत चेहरा खरोखरच साफ झाला. घरात माझे कौतुक झाले. पण ट्यूब संपली की पुटकुळ्या दुप्पट येऊ लागल्या, म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. दिवाळीपर्यंत पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता, उन्हात गेली की आग होई, गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या होत्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरचे नाव मोठ्याने वाचले, 'बीटामेथासोन'. चूक माझी होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

पुटकुळ्या का येतात?

बारा-तेराव्या वर्षापासून मुला-मुलींच्या अंगात संप्रेरके वाढतात. त्यामुळे कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. हे तेल केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर येते. ठिबकच्या नळीतले छिद्र क्षाराने तुंबते, तसे हे छिद्र तेल आणि मेलेल्या कातडीने तुंबते. आत अडकलेल्या तेलावर कातडीवरचेच जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. म्हणजे हा काही घाणेरडेपणाचा रोग नव्हे. दिवसातून दोनदा साध्या, सौम्य साबणाने तोंड धुतले की पुरे. दहा वेळा घासले तर कातडी सोलवटते आणि त्रास वाढतो. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट लावून तर कातडी भाजते. पुटकुळी नखाने फोडू नये, फोडली की डाग आणि खड्डा राहण्याची भीती वाढते.

"तळलेलं खाते म्हणून येतात" असे आपल्या घरोघर म्हणतात. तळणावर सगळा दोष टाकण्याइतका पुरावा नाही. फार गोड आणि मैद्याच्या खाण्याचा, तसेच काही जणांत दुधाचा थोडाफार संबंध दिसला आहे. तालमीत जाणारी मुले डब्यातली प्रोटीन पावडर घेतात, तिच्यानेही काहींना त्रास वाढतो. पण एवढ्यासाठी वाढत्या मुलाचे जेवण तोडू नये.

ट्यूबमध्ये काय असते?

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडे आहेत. योग्य रोगावर, योग्य मुदतीसाठी ती उत्तम औषधे आहेत. पण पुटकुळ्यांवर लावली की सूज तेवढी दबते, रंग उजळल्यासारखा वाटतो आणि आपण फसतो. पुढे कातडी पातळ होते, तोंडावर लव वाढते, पुटकुळ्या जोराने येतात आणि ट्यूब सोडली की आग होते, म्हणून सुटतही नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये लावण्याची चौदा स्टिरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत घातली. तरीही विना चिठ्ठी ट्यूब मिळते, हा अनुभव आहे.

नाव-पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा धोका आणखी निराळा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका घरच्या मायलेकींची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. तिथलेच एक क्रीम वापरून तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

कोणाच्या घरी अशी ट्यूब महिनोन् महिने चालू असेल तर त्यांनी ती आपल्या मनाने सोडू नये आणि चालूही ठेवू नये. ट्यूब खिशात घालून डॉक्टरकडे जावे. नाव वाचले की अर्धे निदान तिथेच होते.

खरे उपचार कोणते?

पहिली पायरी, लावण्याची औषधे. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारते, २.५ टक्क्यांचेही चालते, त्याने जळजळ कमी होते. उशीचा अभ्रा आणि टॉवेल मात्र त्याने पांढरे पडतात, म्हणून जुने वापरावेत. दुसरे अ‍ॅडापालीन. हे छिद्र तुंबू देत नाही. रात्री, कोरड्या तोंडावर, साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे लावायचे. एकेका पुटकुळीवर ठिपके देत बसायचे नाही. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते. तेव्हा एक दिवसाआड लावावे, वर साधे मलम लावावे आणि उन्हाला जपावे. अमेरिकेत बारा वर्षांवरील मुलांसाठी हे औषध २०१६ पासून विना चिठ्ठी मिळते, पण आपण डॉक्टरला विचारूनच घ्यावे.

दुसरी पायरी, पोटात घेण्याच्या प्रतिजैविकांची, उदाहरणार्थ डॉक्सीसायक्लिन. ती एकटी द्यायची नसतात आणि साधारण तीन महिन्यांच्या वर लांबवायची नसतात. एकच कीटकनाशक सारखे फवारले की कीड त्याला सरावते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जंतूंचेही तसेच. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. तिने ऊनही जास्त लागते, हे रानात जाणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी आयसोट्रेटिनॉइनची. मोठ्या गाठी, खड्डे पडणे, इतर औषधांनी गुण न येणे, अशा वेळी हे देतात. औषध फार गुणकारी, पण तितकेच जपण्यासारखे. ओठ फुटतात, रक्त तपासावे लागते, मुलाच्या मनःस्थितीकडे लक्ष ठेवावे लागते. गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून डॉक्टर मुलींना याबद्दल स्पष्ट विचारतात. त्यात राग मानू नये. डॉक्सीसायक्लिन आणि हे औषध एकत्र घ्यायचे नसते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधीची चिठ्ठी दाखवा.

मुलीची पाळी फार अनियमित असेल आणि हनुवटीवर केस येत असतील तर तेही सांगावे. अशा वेळी संप्रेरकांची तपासणी करावी लागते.

निर्णयात मुलाला घ्या

आमच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले. आधी मला जरा लागले. नंतर कळले की पोरीने त्यांना मला कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. मग त्यांनी आम्हा दोघांपुढे पर्याय मांडले आणि आधी तिला विचारले, "तुला रोज काय जमेल?" ती म्हणाली, "रात्रीचं मी लावीन, पण घरात रोज कुणी माझं तोंड बघून बोलायचं नाही." त्या दिवसापासून आम्ही आरशाचा विषय काढणे बंद केले.

आपणही मुलाला बरोबर घेऊन हे प्रश्न लिहून न्या: औषध किती दिवस लावायचे? फरक कधी दिसेल? काय त्रास झाला तर थांबायचे? याहून स्वस्त औषध चालेल का? खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर पुण्यात ससून रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिने लागतात. आडसाली उसाला आपण दीड वर्ष थांबतो, मग पोराच्या तोंडासाठी तीन महिने थांबायला काय हरकत आहे? मात्र दुखऱ्या गाठी, खड्डे, ताप किंवा सांधेदुखी असेल तर थांबू नये. मूल शाळा टाळू लागले, जेवेनासे झाले किंवा जगण्यात राम नाही असे बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. "वयात आलं की होतंच, लग्नाआधी जाईल" असे म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

पुतणीचा लालपणा जायला आठ-नऊ महिने गेले. डाव्या गालावर दोन खड्डे राहिले आहेत, ते माझ्या घाईचे. यंदा ती अकरावीला गेली. परवा पुन्हा अप्पा बळवंत चौकात पुस्तकांना गेलो होतो. ऊन होते म्हणून तिने स्कार्फ बांधला होता, पण दुकानात शिरताच सोडून खांद्यावर टाकला आणि पुस्तकांची यादी स्वतः वाचून दाखवली.