सदतीस दात्यांचा हिशेब

शेवरोलेटची ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप १९४७ मध्ये अमेरिकेत आली, ती मुख्यतः शेतकरी आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी. पोती, गवताचे भारे, दुधाचे कॅन भरायचे आणि कच्च्या वाटेनं निघायचं. तिथल्या आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा झाला १९५६ मध्ये, म्हणजे तोवर तिला कुणी फार पळवणार नव्हतं. म्हणून मागच्या एक्सलला ४.११ चं गुणोत्तर: शाफ्ट ४.११ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. जोर भरपूर, वेग बेताचा. (शेवरोलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता, त्यामुळे शेवरोलेट हे नाव आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांनाही चांगलं परिचयाचं.)

आज ही गाडी हौशी माणसांकडे आहे आणि त्यांना महामार्ग टाळता येत नाही. टायर २८ इंची धरला, तर ताशी ९० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,७६० फेरे मारतं. आतलं २१६ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन त्यासाठी घडवलेलंच नाही. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या तळाशी पळीसारखा भाग असतो, तो फिरता फिरता तेल उचलतो आणि बेअरिंगला पाजतो. तासन्‌तास असं दामटणं त्याला सोसत नाही.

उपाय एक्सलमधल्या क्राऊन आणि पिनियन या एकमेकांत गुंतणाऱ्या दोन गिअरांमध्ये आहे. मूळ जोडीत पिनियनला ९ दाते, क्राऊनला ३७. दोन्ही आकड्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. १९५० पासून शेवरोलेटच्या पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींत ११ आणि ३९ दात्यांची, म्हणजे ३.५५ ची जोडी येऊ लागली. ती ३१०० ला बसते. बसवली की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २,३८० वर येतात.

पण चाकापर्यंत पोचणारा जोरही तेवढाच, जवळजवळ चौदा टक्के, घटतो. गाडी घाटात माल ओढत असेल तर ४.११ ला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. काही जण अख्खा एक्सलच बदलतात. पण या गाडीचा शाफ्ट बंद नळीतून जातो, म्हणून मग गिअरबॉक्सही बदलावी लागते आणि गाडीचं मूळपण जातं. दाते बदलले तर बाहेरून काहीच कळत नाही.

काम मात्र निगुतीचं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यांची ताटातूट करायची नाही. दोघांमधला गाळा डायल गेजवर साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवा. मग दात्यांना रंगीत लेप लावून क्राऊन हातानं फिरवायचा आणि उमटलेला ठसा पाहायचा. तो दात्याच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, टोकाकडे सरकला तर फार बाहेर. पिनियनमागची शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायची, पुन्हा लेप, पुन्हा ठसा. इथे घाई केली की एक्सल पुढे घूं घूं करत राहतो.

स्पीडोमीटरचा छोटा गिअरही सोबतच बदलावा, नाहीतर खऱ्या ९० ला काटा ७८ दाखवेल. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवून एक्सल पूर्ण गार होऊ द्यावा. पहिले आठशे किलोमीटर जड माल नको. त्यानंतर तेल काढून नवं भरावं, कारण नव्या दात्यांचा बारीक कीस जुन्या तेलात उतरलेला असतो.