कल्पित खेळांतील खुजे लोक

पात्रांचीं सोंगें घेऊन खेळावयाच्या कल्पित खेळांत खुज्यांची जात बहुधा ठरलेलीच असते: लांब दाढी, हातीं कुऱ्हाड आणि सोन्याचा लोभ. १९७४ सालीं निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नें हा सांचा विशेष रूढ केला. परंतु सांचा म्हणजे समाज नव्हे.

जुन्या नॉर्स कथांत खुजे हे थोर कारागीर. थॉर देवाचा हातोडा त्यांनींच घडविला. टोल्किन यांनीं १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्यें त्यांचीं नांवें एका नॉर्स काव्यांतूनच घेतलीं, पण त्यांस परागंदा माणसांचें दुःखहि दिलें. ड्रॅगननें घर हिरावलेले हे लोक परमुलखांत तेथील भाषा बोलतात व स्वतःची भाषा आपसांतच राखतात.

म्हणून खेळ रचणारानें आधीं विचारावें: पर्वताच्या पोटांत धान्य कोठून येणार? भट्टीचा धूर कोठें जाणार? खाण संपल्यावर मुलांनीं काय करावें? या उत्तरांतूनच त्यांचा व्यापार, कायदे आणि भांडणें निघतील. लोभ मात्र एखाद्या पात्राचा असावा, साऱ्या जातीचा नसावा. अख्ख्या जातीस एकच दुर्गुण चिकटविण्याची संवय खेळापुरतीच राहील, असें कोणीं मानूं नये.