हाडे कष्टांची साक्ष देतात



अणदूरच्या आपल्या वस्तीत खुरपणीवरून आलेली माय उंबऱ्यावर टेकताना गुडघा धरते. "वय झालं," असे आपण म्हणतो. कुणी मागच्या जन्मीचे भोग म्हणते. पण दुःखाला कारण असते, ही बुद्धांची शिकवण आहे. हे कारण जुन्या सांगाड्यांतही दिसते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की हाडावर हाड घासते. घासलेली जागा चकाकते, कडेने हाड वाढते. या खुणा हजारो वर्षे टिकतात.

सीरियातील अबू हुरेरा या प्राचीन गावातल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉल्सन यांनी केला. बायकांच्या पायांचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके खराब झालेले होते. पायाची बोटे दुमडून, गुडघे टेकून त्या रोज तासन्‌तास दगडावर धान्य दळत असाव्यात, असे त्यांनी १९९४ साली मांडले. आपल्याकडे शिरूर तालुक्यातील इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीतही दळायचे दगडी पाटे सापडले. म्हणजे दळणाचे कष्ट आपल्या मातीतही जुनेच.

अर्थात, झिजलेल्या एका गुडघ्यावरून काम ओळखता येत नाही. वय, वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकताही कारण असते.

मग काय करावे? तासन्‌तास उकिडवे बसू नका, मधूनमधून उठा. जमेल तिथे उभ्याने चालवायचे सायकल कोळपे वापरा. खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा अंक मोजा, खाली घ्या. असे दोन्ही पायांनी दहा वेळा करा. नाव माहीत नसलेल्या गोळ्या आणि इंजेक्शने घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, तरी डॉक्टरांना दाखवा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. घरातल्या कामाला मात्र अजून तास ठरलेले नाहीत. बंधूंनो, आजपासून पाण्याची घागर आपण उचलू या.