नाव नटवा, माहिती साधी ठेवा



लग्नाच्या पत्रिकेवरचं किंवा मेळाव्यात मिळणाऱ्या सन्मानपत्रावरचं इंग्रजी अक्षर आठवून पाहा. उजवीकडे कललेलं, एकाला एक जोडलेलं, पहिल्या मोठ्या अक्षराला वेलीसारखा फाटा. छापखान्यात याला स्क्रिप्ट फॉन्ट म्हणतात. आपण गटासाठी पत्रिका, लेबलं, प्रमाणपत्रं छापून घेतो, त्याला पैसे मोजतो. म्हणून हे अक्षर कुठं शोभतं आणि कुठं अडतं, ते आज समजून घेऊ.

अशा अक्षरांतलं एक नावाजलेलं अक्षर म्हणजे ‘स्नेल राउंडहँड’. राउंडहँड म्हणजे गोल वळणाचं हस्ताक्षर. चार्ल्स स्नेल हे लंडनमधले अक्षर शिकवणारे गुरुजी. 1694 मध्ये त्यांचं कित्त्यांचं पुस्तक निघालं. त्या काळी लंडनचा व्यापार वाढत होता आणि पेढ्यांवर भरभर पण स्वच्छ लिहिणारे कारकून हवे होते. हे वळण त्यांच्या कामाचं होतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. स्नेल हिशेबनीसही होते. 1720 मध्ये इंग्लंडमध्ये ‘साउथ सी’ नावाच्या कंपनीचे शेअर कोसळले आणि असंख्य लोक बुडाले. त्या कंपनीच्या एका संचालकाशी संबंधित पेढीच्या वह्या स्नेल यांनी तपासल्या आणि 1721 मध्ये अहवाल दिला. म्हणजे आज पत्रिकेवर मिरवणाऱ्या या अक्षराचं नाव एका वह्या तपासणाऱ्या माणसाचं आहे.

आता त्या अक्षराची नजाकत कशात आहे ते पाहू. तेव्हा पिसाच्या टोकदार लेखणीनं लिहीत. रेघ खाली ओढताना हात दाबला की टोक फाकतं आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका, म्हणून रेघ केसासारखी बारीक. आपल्या देवनागरीचं गणित वेगळं आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे दाब न बदलताही, रेघ कुठल्या दिशेनं जाते त्यावर ती जाड किंवा बारीक उमटते.

हे जोडलेलं अक्षर छापणं मात्र फार कठीण होतं. शिशाच्या खिळ्यांवर प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनी ठोकळ्यावर असायचं. कललेल्या अक्षराचं शेपूट ठोकळ्याबाहेर काढलं तर ते मोडायचं. आत ठेवलं तर दोन अक्षरांत फट दिसायची. पुढे फोटोच्या तंत्रानं अक्षरजुळणी सुरू झाली आणि ठोकळ्याची अडचण संपली. त्या नव्या तंत्रासाठी मॅथ्यू कार्टर यांनी 1965-66 च्या सुमारास लायनोटाइप कंपनीकरता स्नेल यांच्या वळणावरून हा फॉन्ट तयार केला. कार्टर यांनी पुढे लायनोटाइपच्या देवनागरी अक्षरांवरही काम केलं.

आता आपल्या कामाचं बोलू. असा फॉन्ट मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी असतो. वधूवरांचं नाव, ‘सन्मानपत्र’ हा शब्द, गटाचं नाव, एवढंच. अक्षर लहान केलं की बारीक रेघ छपाईत पुसट होते. पूर्ण मजकूर त्यात घातला की डोळा थकतो आणि लग्नाची वेळ, ठिकाण, मोबाइल नंबर शोधावा लागतो.

इंग्रजीत अख्खं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहू नका. तिथलं मोठं अक्षर सुरुवातीला येण्यासाठी नटवलेलं असतं. सगळीच नटली की फाट्यात फाटा अडकतो आणि नाव वाचता येत नाही. जागा भरायची म्हणून अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका. इंग्रजीत जोड तुटतो, देवनागरीत शिरोरेषा तुटते.

देवनागरीतल्या नटव्या फॉन्टमध्ये तर आणखी जपावं लागतं. घ आणि ध, भ आणि म यांत फरक एवढासाच असतो. ‘ख’ नीट जोडला नसेल तर ‘रव’ वाटतो. काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं नीट बसत नाहीत. म्हणून प्रूफ आलं की नावं एकेक अक्षर लावून वाचा.

लेबलावर पापडाचं किंवा लोणच्याचं नाव हवं तर देखण्या अक्षरात घ्या. घटक पदार्थ, वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख मात्र साध्या, ठळक अक्षरात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला घटकांची यादी एका नजरेत वाचता आली पाहिजे.

आणि सन्मानपत्राबद्दल एक विनंती. आपल्या गटांत कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीत अक्षर ओळखायला शिकल्या. त्यांना पुस्तकातलं सरळ अक्षर वाचता येतं, वेलबुट्टीचं नाही. अशा बाईच्या हातात सन्मानपत्र पडावं आणि त्यात स्वतःचं नावच तिला सापडू नये, हे बरं दिसत नाही. ‘सन्मानपत्र’ हा शब्द हवा तेवढा नटवा. त्याखाली तिचं नाव मोठ्या, सरळ अक्षरात छापा.

छापायला देण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. ज्या मैत्रिणीला मजकूर माहीत नाही, तिला प्रूफ हातभर अंतरावरून वाचायला सांगा. ती जिथं अडखळेल, तिथलं अक्षर बदला. बदल प्रूफवर फुकटात होतो. हजार प्रती छापून आल्यावर होत नाही.

पुढच्या बैठकीत गटातली जुनी लेबलं आणि पत्रिका समोर मांडा आणि ही परीक्षा करून पाहा.